दुसऱ्याचा अवयव, आपला देह

एकाचा अवयव दुसऱ्याच्या देहात रुजेल काय, हा प्रश्न आज दातिवऱ्यासारख्या खाडीकाठच्या गावातही उंबऱ्याशी येऊन उभा राहतो. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाचे नातलग सफाळ्याला गाडी धरून मुंबई गाठतात आणि डॉक्टरांना जे विचारतात, त्याची उत्तरे इतिहासाने कशी मिळविली, तेवढेच येथे आम्हांस सांगावयाचे आहे.

आरंभ आपल्याच मुलखातला आहे. टिपूशी झालेल्या युद्धात इंग्रजी फौजेतील कावसजी नावाचा गाडीवान शत्रूच्या हाती सापडला व त्याचे नाक कापले गेले. पुढे पुण्याकडील एका देशी वैद्याने त्याच्याच कपाळाचे कातडे खाली वळवून त्यास नवे नाक करून दिले. १७९४ साली ही हकीकत लंडनच्या मासिकात छापली गेली आणि १८१४ साली तेथील कार्प्यू या शस्त्रवैद्याने ती रीत यशस्वीपणे वापरली.

पण ते कातडे कावसजीचे स्वतःचे होते, म्हणून रुजले. परके कातडे देह ओळखतो आणि झिडकारतो, हे मेडावार यांनी १९४० नंतरच्या दशकात प्रयोगांनी दाखविले. ही अडचण टाळून २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनमध्ये मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्यास बसविले. घेणारा आठ वर्षे जगला. देणारा रोनाल्ड हेरिक २०१० पर्यंत, म्हणजे एकाच मूत्रपिंडावर छप्पन्न वर्षे.

आपल्याकडे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९६५ साली मूत्रपिंडाचे रोपण झाले. तेथेच १६ फेब्रुवारी १९६८ रोजी डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदय बसविले. रुग्ण काही तासच जगला. वेल्लोरला १९७१ मध्ये जिवंत दात्याच्या मूत्रपिंडाचे रोपण यशस्वी झाले. १९८० नंतर सायक्लोस्पोरीन आले आणि परका अवयव टिकविणे पुष्कळ सुकर झाले.

आता नेहमीचे प्रश्न. दाता जगतो का? नीट तपासून निवडलेला बहुतेक जगतो व कामधंदाही करतो. उरलेले मूत्रपिंड वाढीव काम उचलते. तरी शस्त्रक्रियेचा धोका शून्य नाही, आणि रक्तदाबाची व मूत्रपिंडाची तपासणी दरवर्षी करीत राहावी लागते. घेणारा बरा होतो का? त्याची डायलिसिसमधून सुटका होते, पण अवयव झिडकारला जाऊ नये म्हणून औषधे कायमची घ्यावी लागतात आणि त्यांमुळे जंतुसंसर्गाचे भय वाढते.

तिसरा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो: देणाऱ्याची खरी इच्छा आहे काय? मूत्रपिंडांचा बाजार मांडला गेला म्हणून १९९४ चा कायदा आला. त्याने खरेदी-विक्री गुन्हा ठरविली. पण घरातला दबाव कायद्याला दिसत नाही. आपल्या देशात जिवंत दात्यांमध्ये स्त्रियाच अधिक आहेत. आई, पत्नी, बहीण यांनी द्यावे, हे जणू गृहीतच धरले जाते. शस्त्रक्रियेपूर्वी कोणत्याही क्षणी दात्याला माघार घेता येते, हे घरात सर्वांदेखत बोलले गेले पाहिजे. जी नाही म्हणू शकत नाही, तिच्या होकाराला दान कसे म्हणावे?

त्याच कायद्याने मेंदूमृत्यू मान्य करून मरणोत्तर दानाची वाट खुली केली. त्या वाटेने जितके अवयव मिळतील, तितका जिवंतांवरचा हा भार हलका होईल. म्हणून आपली इच्छा आपल्या माणसांना आजच सांगून ठेवावी. कारण त्या वेळी उत्तर त्यांना द्यावयाचे असते.