दोन स्वस्त तबकड्या

कॉमर्सच्या पदवीधराला संगणकातले काय कळते, असे आमच्या बँकेतली नवी पोरे मला तोंडावर विचारतात. मी म्हणतो, बाबांनो, किंमत कळते! घरचे फोटो, कागद, आवाज साठवणारा सर्व्हर कमी पैशांत उभारायचा, तर निम्मे शास्त्र तिथेच संपते.

हे शास्त्र मी हौसेने शिकलो नाही. २०२३ च्या २२ सप्टेंबरला दादाकडे, कॉर्पोरेशन कॉलनीत, महालक्ष्म्यांचे जेवण झाले. सोळा भाज्या, पुरण, आंबील. आम्ही सगळे जड होऊन घरोघरी झोपलो. त्याच रात्री काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव भरून वाहू लागला आणि जिला आम्ही एरवी नाला म्हणतो त्या नाग नदीने आपण नदी असल्याचे शहराला दाखवून दिले. शहरात माणसे दगावली. त्या मानाने आमचे काहीच गेले नाही. दादाच्या तळमजल्यावरचे अल्बम तेवढे पापडाच्या लाट्यांसारखे एकमेकांना चिकटले, आणि बाबांची कॅसेट गेली. १९८६ साली, मी दुसरीत असताना, बाबांनी आम्हाला पाठ व्हावी म्हणून पावकी, निमकी, पाऊणकी स्वतःच्या आवाजात भरून ठेवली होती. बाबा जाऊन आता बरीच वर्षे झाली.

वहिनी रडल्या. मी मात्र ऐटीत म्हणालो, "काळजी करू नका, मी २००९ साली ती संगणकावर उतरवून ठेवलीय." घरी येऊन तो जुना संगणक लावला, तर आतली तबकडी टकटक करू लागली. सुतारपक्षी बसलाय की काय, असे आमच्या हिला वाटले. तिसऱ्या खेपेला कशीबशी उघडली आणि बाबांचा आवाज हाती आला. त्या रात्री मी देवाला आणि तबकडीला, दोघांनाही हात जोडले.

मग वाचायला बसलो. तबकड्यांचा पहिला संगणक, रॅमॅक, आयबीएमने १९५६ साली आणला. दोन-दोन फुटी पन्नास तबकड्या, टनाच्या आसपास वजन, आणि मावणार किती, तर पन्नास लाख अक्षरे! म्हणजे महालक्ष्म्यांसमोर उभ्या वहिनींचा आजच्या फोनवरचा एक फोटो. दादा त्यात आला असता की नाही, शंका आहे. भाडे महिन्याला ३,२०० डॉलर.

पुढे तीस वर्षे मोठ्या कचेऱ्यांचा विश्वास अशा एकेका थोरल्या, महागड्या तबकडीवरच होता. १९८८ साली बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी एक निबंध वाचला. त्यांचे म्हणणे असे की एका महाग तबकडीऐवजी छोट्या संगणकांतल्या पंच्याहत्तर स्वस्त तबकड्या जोडा. स्वस्त वस्तू बिघडणारच, हे त्यांनी आधीच मान्य करून टाकले! उपाय तो आमच्या बँकेतला: बेरीज वेगळी लिहून ठेवा, म्हणजे एखादी रक्कम पुसली गेली तरी उरलेल्या वजा करून ती परत मिळते. या युक्तीचे नाव 'रेड'. ऐकताच बँकेच्या माणसाच्या पोटात गोळा येतो, पण यातल्या 'आय'चा मूळ अर्थ 'इनएक्स्पेन्सिव्ह', म्हणजे स्वस्त. पुढे विकणाऱ्या कंपन्यांना तो शब्द लाजिरवाणा वाटला असावा. त्यांनी त्याचा 'इंडिपेंडंट' करून टाकला. मी अजून जुनाच अर्थ धरून चालतो.

स्वस्ताईलाही पुराचे भय असतेच. २०११ साली थायलंडमध्ये पूर आला, तबकड्यांचे कारखाने पाण्याखाली गेले आणि जगभर भाव कडाडले. अमेरिकेत बॅकब्लेझ नावाची एक कंपनी लोकांच्या फायली सांभाळते. दुकानांनी माणशी दोनच तबकड्या देण्याचे ठरवल्यावर तिने नोकर आणि त्यांचे नातेवाईक रांगेत उभे केले. हे वाचून मला रॉकेलची रांग आठवली आणि अमेरिकेबद्दल आपुलकी वाटली.

सीताबर्डीवर कचेरीतून निघालेला एक जुना संगणक पाहिला. दुकानदार म्हणाला, "घेऊन टाका ना साहेब, काहून विचार करून राहिले?" मी कागद काढला. साठ वॅट, रात्रंदिवस, महिन्याला ४३ युनिट. हा तर फ्रिजच्या पंगतीला बसणार! तो ठेवून पंधरा वॅटवाला लहान डबा घेतला. त्याचे अकरा युनिट. मग त्याने एक मोठी, स्वस्त तबकडी पुढे केली. ती कौलारू निघाली. यात माहितीच्या ओळी कौलांसारख्या एकीवर एक चढवलेल्या असतात. जागा पुष्कळ मिळते, पण एक कौल बदलायचे तर पुढची ओळच उचलावी लागते. माकडांनी नाचवलेले छप्पर ज्याने शाकारले आहे, त्याला जास्त सांगायला नको. मी चार-चार टीबीच्या दोन साध्या, सावकाश फिरणाऱ्या तबकड्या घेतल्या. सावकाश फिरणारी कमी तापते, आणि आमचा मे पंचेचाळीस अंशांचा. बहुतेक तबकड्या साठ अंशांपर्यंतच जबाबदारी घेतात. म्हणून डबा कूलरच्या खोलीत ठेवलाय, पण कूलरच्या तोंडासमोर नाही. वीज जाते म्हणून एक छोटा यूपीएसही घ्यावा लागला. तोच खर्च हिला अजून खुपतो.

दोन्ही तबकड्यांवर तेच ते उमटते. महिनाभर मी निर्धास्त होतो. मग चिरंजीवांनी एक फोल्डर पुसला आणि दुसऱ्या तबकडीनेही तो तत्परतेने पुसला. आरसाच तो! आणि नाग नदी परत आली, तर दोघी एकाच डब्यात बुडणार.

बँकेत जाताना मला रोज जगनाडे चौक लागतो. संताजी जगनाडे चाकणचे, तुकोबा देहूचे. गाथा इंद्रायणीत बुडवल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो, पण संताजींनी अभंग उतरून घेतलेल्या वह्या मागे राहिल्या, हे त्या चौकात सिग्नलला उभे राहिल्याशिवाय माझ्या ध्यानात आले नव्हते. देहूची नक्कल चाकणला. त्याच संध्याकाळी तिसरी तबकडी घेतली आणि दिवाळीला चिवड्याच्या पिशवीतून अमरावतीला ताईकडे पोचवली.

आठवड्याने तिचा फोन आला. "अरे, बाबा पाऊणकीत सतरावर अडखळतात, मागे दादा हसतो, ते ऐकलंस का? तेवढं कापून का नाही टाकलंस?"

"राहू दे," मी म्हटले. "तिन्हीकडे तसंच आहे."