पंधरापैकी किती?

समजा, सुरतच्या कोसाड आवासात राहणारा आणि लूमवर रात्रपाळी करणारा एक खानदेशी पोरगा आहे. पहाटे घरी परतताना त्याची गाडी घसरली आणि डोकं दुभाजकावर आपटलं. 108 ची रुग्णवाहिका आली, सिव्हिल हॉस्पिटलमध्ये घेऊन गेली. नंदुरबारहून निघालेला काका फोनवर एकच विचारतो, "शुद्धीवर शे का?" इकडून उत्तर जातं, "डॉक्टर म्हणतात, पंधरापैकी नऊ." काका मनात हिशोब करतो. पंधरापैकी नऊ म्हणजे साठ टक्के, फर्स्ट क्लास! त्याच्या जिवाला जरा थारा मिळतो.

पण या परीक्षेत शून्य नसतंच. निपचित पडलेल्या, चिमटा काढला तरी न हलणाऱ्या माणसालाही 3 गुण मिळतात, कारण तीन विषयांत प्रत्येकी किमान 1 द्यावाच लागतो. 13 ते 15 म्हणजे सौम्य इजा, 9 ते 12 मध्यम, 8 किंवा त्याखाली गंभीर. काकाचा नऊ गंभीरपासून फक्त एका पायरीवर आहे. 'ग्लासगो कोमा स्केल' नावाची ही अजब गुणपत्रिका आली कुठून?

डोक्याचा मार जोखायची धडपड फार जुनी. इजिप्तमधला एक पपायरस एडविन स्मिथ याने 1862 मध्ये लक्सरला विकत घेतला. त्यात 48 जखमींची टिपणं असून सुरुवात डोक्यापासून होते. प्रत्येक टिपणात वैद्य तीनपैकी एक निवाडा देतो: हा दुखणाईत मी बरा करीन, याच्याशी मी झुंजेन, याच्यावर उपचार नाही. सुश्रुताने 107 मर्मं मोजली आणि त्यांचे पाच वर्ग पाडले, तेही परिणामावरून. शंख, म्हणजे कानशिलावरचं मर्म, सद्यःप्राणहर, लगेच प्राण घेणारं. दोन भुवयांमधली स्थपनी विशल्यघ्न: तिथे रुतलेला बाण आत असेपर्यंत माणूस जगतो, उपटला की जातो. सगळं आपल्याकडे आधीच होतं असं म्हणायची मला हौस नाही. पण जखम किती मोठी आहे यापेक्षा या माणसाचं पुढे काय होणार हा प्रश्न दोघांनीही आधी विचारला, आणि ग्लासगोचा प्रश्नही तोच होता.

मधल्या काळात डॉक्टरांकडे शब्द भरपूर होते. कोमा हा मुळात गाढ झोपेसाठीचा ग्रीक शब्द. त्याच्या आजूबाजूला स्टुपर, सेमीकोमा असे आणखी कितीतरी. मराठीतही कुठे कमी आहेत? झापड, गुंगी, ग्लानी, मूर्च्छा, बेशुद्धी. अडचण शब्दांच्या या सुकाळातच होती. रात्रीच्या नर्सने "गुंगीत" लिहिलं आणि सकाळच्या डॉक्टरने "ग्लानीत", तर रुग्ण खालावला, सुधारला, की फक्त लिहिणारा बदलला? डोक्याच्या मारात हे कळणं जिवावरचं असतं. कवटीखाली रक्त साचत असताना माणूस कधी कधी मध्येच शुद्धीवर येतो, बोलतो, चहा मागतो, आणि तासा-दोन तासांत पुन्हा बुडतो.

ब्रायन जेनेट ग्लासगोत न्यूरोसर्जरीचे प्राध्यापक होते, ग्रॅहम टीसडेल त्यांचे तरुण सहकारी. मेंदूला मार लागलेले बरेचसे रुग्ण तेव्हा साध्या सर्जिकल वॉर्डात ज्युनिअर डॉक्टर आणि नर्सच्या नजरेखाली असत, न्यूरोसर्जनच्या नव्हे. सीटी स्कॅनही नुकताच जन्मला होता. लंडनमध्ये पहिला रुग्ण त्यात गेला तो 1971 साली. म्हणून कुणालाही, कुठल्याही खाटेपाशी करता येईल असं काहीतरी हवं होतं. दोघांनी बेशुद्धीची व्याख्या करणं सोडूनच दिलं. मला त्यांची खरी हुशारी इथे दिसते. तीनच गोष्टी बघायच्या: डोळे कशाने उघडतात, तोंडातून काय येतं, हात-पाय काय करतात. 13 जुलै 1974 च्या 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं, ते गुणपत्रिका म्हणून नव्हे. खाटेला लावायचा तक्ता होता तो, ठिपके मांडत जायचे आणि रेघ चढते की उतरते हे बघायचं.

गुण मागून चिकटले, बेरीज संशोधनाच्या सोयीने आली. 1976 मध्ये हालचालीची एक पायरी वाढून 14 चे 15 झाले. मग बेरीज सुटसुटीत म्हणून जगभर पसरली आणि तक्ता मागे पडला. खरं तर बेरीज फसवी. डोळ्यांच्या 4, बोलण्याच्या 5 आणि हालचालीच्या 6 पायऱ्यांची 120 त्रिकुटं होतात आणि ती सगळी 3 ते 15 या तेरा आकड्यांत कोंबली जातात. अमेरिकेतल्या नोंदी तपासल्या तर एकूण 4 गुणांच्या रुग्णांतही, ते गुण कुठून आले त्यानुसार मृत्यूचं प्रमाण 19 टक्क्यांपासून 48 टक्क्यांपर्यंत बदलत गेलं. म्हणून काकाने "नऊ" नव्हे, "डोळे किती, बोलणं किती, हात किती" असं विचारायला हवं. कोण विचारतं!

2014 मध्ये टीसडेल यांनीच तक्त्याची डागडुजी केली. "वेदना" हा शब्द काढून "दाब" घातला: नखाच्या टोकावर, खांद्याच्या स्नायूवर किंवा भुवईखालच्या खाचेत. घशात नळी असेल तर बोलण्याला 1 द्यायचा नाही, "तपासता आलं नाही" असं लिहायचं. 2018 मध्ये बाहुल्यांचा हिशोब जोडला: उजेडाला दाद न देणाऱ्या प्रत्येक बाहुलीमागे एक गुण वजा.

आकडे आपल्याकडे आले तेव्हा त्यांनी काय दाखवलं? 1989 मध्ये नवी दिल्ली आणि अमेरिकेतलं शार्लट्सव्हिल इथल्या रुग्णांची तुलना छापून आली. अतिगंभीर रुग्ण दोन्हीकडे सारखेच दगावत. मात्र दुखेल तिथे हात नेणारे, पण सांगितलेलं न ऐकणारे, म्हणजे हालचालीत 5 गुणांचे, दिल्लीत 12.5 टक्के गेले आणि तिकडे 4.8. वाटेत उपचार नाहीत आणि दवाखान्यात पोचायला उशीर, ही दोन कारणं अभ्यासकांनी पुढे केली. गुजरातेत 108 सुरू झाली ती त्यानंतर अठरा वर्षांनी, 2007 मध्ये.

कोसाडच्या पोराची गोम मात्र दुसऱ्या विषयात आहे, बोलण्यात. नर्स गुजरातीत विचारते, "तमारुं नाम शुं छे?" कळलं नाही म्हणून पोरगा गप्प. शुद्ध नाही, की भाषा नाही? तो अहिराणीत काही पुटपुटला आणि ऐकणाऱ्याला ते नुसते आवाज वाटले, तर 2 गुण. तेच लिंबायतच्या एखाद्या खानदेशी वॉर्डबॉयने ऐकलं तर कदाचित 4. म्हणजे लिहिणारा बदलला की रुग्ण बदलतो हे जुनं दुखणं, ज्याच्यासाठी ग्लासगोत एवढा खटाटोप झाला, ते इथे भाषेच्या दारातून परत आत येतं. उपाय साधा आहे, त्याच्या भाषेचं माणूस खाटेपाशी आणायचं. नंदुरबारचा काका उधना स्टेशनवर उतरून धापा टाकत पोचला की तोच कामाचा.

तो वाकून विचारतो, "तुनं नाव काय शे?" पोरगा डोळे न उघडता नाव सांगतो. "आपण कोठे शेत?" "दवाखानामां." आता महिना विचारायचा. नर्सच्या कागदावर इंग्रजी महिन्याचं उत्तर अपेक्षित आहे, पोरगा जड जिभेने म्हणतो, "आखाजी व्हई गयी ना."

नर्स काकाकडे बघते. काका तिला मोडक्यातोडक्या गुजरातीत सांगतो, अक्षय तृतीया, वैशाखातली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मे महिना असेल, तर हे पूर्ण 5 गुणांचं उत्तर आहे.