मुलाला एक वर्ग सोडून वरच्या वर्गात बसवता येतं का? नियम काय, अर्ज कुणाकडे करायचा, वाचा सविस्तर

जून महिना आला की गावोगावच्या शाळेत हा प्रश्न हमखास येतो. कुणाचं पोरगं दुसरीत असून चौथीचं पुस्तक घडाघडा वाचतं. कुणाची मुलगी आई-वडिलांसोबत ऊसतोडीला जात राहिल्यामुळे नऊ वर्षांची झाली तरी शाळेच्या पटावर नाही. दोन्ही घरांत विचारणा एकच असते, मधले वर्ग सोडून पुढे बसवता येईल का? उत्तर मात्र वेगवेगळं आहे. पहिल्याला तसा हक्क नाही. दुसरीला आहे, आणि नेमकं तेच अनेक पालकांना माहीत नसतं.

मूल हुशार आहे म्हणून वर्ग ओलांडता येतो का?

जुन्या लोकांच्या तोंडी ‘डबल प्रमोशन’ हा शब्द अजून आहे. पण १ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्यात हुशारी पाहून मुलाला एक वर्ग पुढे बसवण्याचं कलम नाही. कायदा वर्ग ठरवतो तो वयावरून. महाराष्ट्रात पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत ६ वर्षं पूर्ण होणं धरलं जातं आणि पुढचे वर्ग त्याच हिशेबाने येतात.

त्यामुळे ‘गुरुजी, याला तिसरीतून थेट पाचवीत घ्या’ असं तोंडी सांगून काम होत नाही. प्रत्येक विद्यार्थ्याची वर्षनिहाय नोंद आता ऑनलाइन असते. मधलं वर्ष गायब दिसलं, तर दाखला काढताना अडचण येते. तरीही विचारायचं असेल तर मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्या आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांचं लेखी उत्तर येईपर्यंत थांबा. जन्मतारीख वाढवून लावण्याच्या फंदात मात्र पडू नका. तीच तारीख पुढे नोकरीपर्यंत मागे लागते.

वर्ग ओलांडल्याने काय हातचं जाऊ शकतं?

- नवोदय: सहावीच्या प्रवेशासाठी ग्रामीण कोट्यातून बसणाऱ्या मुलाने तिसरी, चौथी आणि पाचवीचं प्रत्येकी पूर्ण वर्ष ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत केलेलं असावं लागतं. चौथी गाळली तर ही संधीच जाते.
- एनएमएमएस शिष्यवृत्ती: आठवीत होणाऱ्या या परीक्षेला बसायला सातवीचे गुण पाहिले जातात. खुल्या गटासाठी ५५ टक्क्यांची अट आहे. निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. सातवीच नसेल तर गुण कुठून दाखवणार?
- नीट: प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षं पूर्ण हवीत. दोन वर्ग ओलांडलेल्या मुलाला बारावीनंतर थांबावं लागू शकतं.
- पोलीस भरती: किमान वय १८. लवकर बारावी झालं तरी भरतीचा फॉर्म लवकर भरता येत नाही.

शाळा सुटलेल्या मुलाचा हक्क काय?

शिक्षण हक्क कायद्याचं कलम ४ सांगतं की सहा वर्षांवरील मूल कधी शाळेत गेलंच नसेल किंवा मध्येच शाळा सुटली असेल, तर त्याला वयाला साजेशा वर्गात प्रवेश द्यायचा. म्हणजे नऊ वर्षांच्या मुलीला पहिलीत नाही, चौथीत बसवायचं. लहान पोरांमध्ये बसायची लाज वाटून मुलं पुन्हा शाळा सोडतात, ते यामुळे टळतं.

वर बसवलं आणि वाऱ्यावर सोडलं असं चालत नाही. मागे राहिलेला अभ्यास भरून काढायला विशेष प्रशिक्षण देणं बंधनकारक आहे. ते किमान ३ महिने आणि जास्तीत जास्त २ वर्षं चालू शकतं. वयाची १४ वर्षं उलटली तरी आठवी पूर्ण होईपर्यंत शिक्षण मोफतच राहतं.

राज्याने २०२३ मध्ये यात एक बदल केला. पाचवीपर्यंत वयानुसार थेट प्रवेश मिळतो. सहावी ते आठवीत बसवायचं असेल तर आधी पाचवीची परीक्षा पास व्हावी लागते. नाही झाला तर पाचवीत प्रवेश मिळतो.

शाळेने कागदांसाठी अडवलं तर?

जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, हेही कारण चालत नाही. वर्षाच्या मध्यात आलात तरी प्रवेश द्यावाच लागतो. ऊसतोड किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबाने निघण्याआधी शाळेतून मुलाचं शिक्षण हमी कार्ड मागून घ्यावं. ते दाखवून कामाच्या गावातल्या शाळेत बसता येतं.

तरीही नाही म्हणाले तर आधी शाळा व्यवस्थापन समितीकडे जा. तिथे तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. मग केंद्रप्रमुख आणि पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी यांच्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. कायद्यानुसार तक्रारीवर ३ महिन्यांत निर्णय व्हायला हवा. तिथेही दाद मिळाली नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं.

वय जास्त झालं असेल तर?

शाळा सुटून वर्षं झालेल्यांसाठी दहावीचा १७ नंबरचा फॉर्म आहे. तो राज्य मंडळाच्या संकेतस्थळावर भरायचा असतो. शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार कार्ड जवळ ठेवा. मूळ दाखला हरवला असेल तर दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र लागतं. दुसरा रस्ता राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा. तिथे १४ वर्षं पूर्ण झाल्यावर दहावीसाठी नाव नोंदवता येतं.

मग हुशार मुलाचं काय करायचं?

त्याला त्याच वर्गात राहू द्या, पण अभ्यास पुढचा द्या. बालभारतीची सगळ्या वर्गांची पुस्तकं ई-बालभारतीवर मोफत मिळतात आणि मोबाइलवर उतरवता येतात. वर्गशिक्षकांना सांगून शिष्यवृत्ती आणि नवोदयची तयारी वेळेत सुरू करा. आणि आपल्या वस्तीवर, भट्टीवर किंवा उसाच्या फडात शाळेबाहेर राहिलेलं मूल दिसलं, तर जवळच्या शाळेत कळवा. सलग महिनाभरापेक्षा जास्त गैरहजर असलेलं मूलही शाळाबाह्यच धरलं जातं.