फुगडी, आगबोट आणि कानातील तोल

पेणला आमच्या आत्याच्या घरी गौरी बसत. गौरी जेवल्या, की रात्री ओसरीवर झिम्मा-फुगडी सुरू होई आणि आम्ही मुले पायरीवर बसून ती पाहत असू. दोघीजणी हातांची अढी घालून, पायांचे चवडे जुळवून, अंग मागे झोकून अशा काही गरगर फिरत, की पदर कोणाचा आणि वेणी कोणाची ते कळू नये. मग हात सुटत. एकीला खांब सापडे, दुसरी मटकन खाली बसे आणि हसत हसत म्हणे, "अगं बाई, घर फिरतंय!"

घर तर जागच्या जागी होते. तिचे पाय थांबलेले होते, डोळे उघडे होते, मनही शुद्धीवर होते. मग घर फिरते आहे ही खोटी साक्ष देत तरी कोण होते? प्रश्न पोरकट वाटेल. पण त्याचे समाधानकारक उत्तर मिळावयास एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

माणसाला ज्ञानेंद्रिये पाच, असे आपल्याकडे सांख्यांनी सांगितले आणि तिकडे अ‍ॅरिस्टॉटलनेही. दोघांच्याही गणनेत तोलाचे इंद्रिय नाही. याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही. दोष असलाच तर त्या इंद्रियाच्या मुखदुर्बळ स्वभावाचा आहे. डोळा मिटला की अंधार पडतो, म्हणून डोळ्याचे काम कळते. हे इंद्रिय मात्र सुरळीत चालले असता स्वतःविषयी चकार शब्द बोलत नाही. ते चुकले, फसले किंवा बिघडले, म्हणजेच त्याचा पत्ता लागतो. त्यामुळे भोवळीचे खापर आजवर दुसऱ्यांच्याच माथी फुटत आले. आयुर्वेदाने भ्रमाचा संबंध पित्त आणि वात यांच्याशी जोडला. युरोपातील वैद्य मेंदूत रक्त चढले असे म्हणत.

वस्तू मात्र डोळ्यांपुढे होती. कानाच्या आत, कानशिलाच्या कठीण हाडात, शंखासारख्या श्रवणेंद्रियाला लागूनच तीन अर्धवर्तुळाकृती नळ्या आहेत. प्रत्येकीचा घेर जेमतेम वाटाण्याएवढा. त्या एकमेकींशी काटकोन करून बसविलेल्या आहेत. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळतात तशा. स्कार्पा नावाच्या इटालियन शारीरज्ञाने १७८९ साली या चक्रव्यूहाचे सूक्ष्म वर्णन केले. पण कानात आहे त्या अर्थी ते ऐकण्यासाठीच असणार, या समजुतीपुढे कोणाची नजर जाईना. आवाज कोणत्या दिशेने आला हे या नळ्या सांगत असाव्यात, असा तर्क काहींनी केला. तर्क सुबक होता, पण चूक होता.

पॅरिसच्या फ्लूराँसने १८२० नंतरच्या दशकात कबुतरांच्या या नळ्या एकेक करून कापून पाहिल्या. आडवी नळी कापली तेव्हा कबुतराचे डोके उजवीकडून डावीकडे हेलकावू लागले. उभी कापली तेव्हा ते वरखाली होऊन पक्षी कोलांट्या खाऊ लागला. ऐकू मात्र त्याला येतच होते. प्रयोग क्रूर खराच. पण कानाचा एक भाग ऐकण्याखेरीज दुसरे काही करतो, हे त्याने दाखविले. तरीही हे एक स्वतंत्र इंद्रिय आहे, असे फ्लूराँसलाही वाटले नाही.

माणसांचे हाल त्यापुढेही चालूच राहिले. अकस्मात घेरी येऊन वांती करीत कोसळणाऱ्या रोग्याला मेंदूचा झटका आला असे ठरवून त्याचे रक्त काढीत. पॅरिसमधील मूकबधिरांच्या संस्थेचे प्रमुख वैद्य प्रोस्पेर मेनिएर यांनी असे रोगी वर्षानुवर्षे पाहिले. यांच्या कानात नाद येतो, ऐकणे मंदावते, पुढे घेरी येते. मात्र ना हातपाय लुळे पडतात, ना वाचा जाते. मग मेंदूला बोल का लावावा? जानेवारी १८६१ मध्ये त्यांनी पॅरिसच्या वैद्यक परिषदेपुढे निबंध वाचला, की हा विकार कानाच्या आतल्या भागाचा आहे. परिषदेने फारसे मनावर घेतले नाही. पुढल्याच वर्षी मेनिएर वारले. त्यांचे नाव त्या व्याधीला मागाहून मिळाले.

मग १८७३ साली एक नवल घडले. प्रागमध्ये भौतिकशास्त्रज्ञ माख, व्हिएन्नात वैद्य ब्रॉयर आणि एडिंबरोत रसायनशास्त्रज्ञ क्रम ब्राउन हे तिघे स्वतंत्रपणे एकाच निष्कर्षाला येऊन पोहोचले. माखला हे कोडे आगगाडीत पडले होते. गाडी वळण घेऊ लागली, की बाहेरची घरे आणि झाडे कलल्यासारखी त्याला दिसत. पनवेलहून पेणमार्गे रोह्यास जाणाऱ्या गाडीत आपणही हा अनुभव घेऊ शकता. तो वाया जाऊ न देता माखने माणसाला बसवून फिरविण्याचे एक यंत्रच तयार केले.

या तिघांच्या सिद्धांताने फुगडीचा उलगडा होतो. नळ्यांत पाण्यासारखा द्रव आहे, आणि प्रत्येक नळीच्या फुगीर टोकाशी तो अडवणारा एक मऊ पडदा. पडद्याच्या बुडाशी केसांसारखे तंतू असलेल्या पेशी. डोके फिरले की नळी फिरते, पण आतला द्रव क्षणभर मागे रेंगाळतो. पाण्याने भरलेली कळशी एकदम फिरवा. कळशी फिरेल, पाणी लगेच फिरणार नाही. त्या रेंगाळण्याने पडदा वाकतो आणि मेंदूला वर्दी मिळते, की डोके अमुक बाजूस वळले. फुगडी चालू राहिली, की हळूहळू द्रवही नळीच्या गतीने फिरू लागतो, पडदा सरळ होतो आणि वर्दी थांबते. आता फुगडी सुटते. नळी थांबते, द्रव थांबत नाही. पडदा उलट बाजूस वाकतो आणि मेंदूला कळवितो, की आपण उलटे फिरत आहोत! बिचारा मेंदू डोळ्यांना त्याप्रमाणे हलवितो, आणि घर फिरू लागते. पडदा पूर्ववत होईपर्यंत खांब धरून ठेवणे हे शास्त्रशुद्धच होय.

या सिद्धांताला अमेरिकेतून अनपेक्षित पुष्टी मिळाली. विल्यम जेम्स याने १८८२ मध्ये ५१९ मूकबधिरांना गरगर फिरविल्याचे फळ प्रसिद्ध केले. त्यांपैकी १८६ जणांना मुळीच चक्कर आली नव्हती. ज्यांच्या कानातील चक्रव्यूह नष्ट झाला होता, त्यांना फसविणार तरी कोण?

आत्याचा जन्म रोह्याचा. तिच्या लहानपणी मुंबईला जावयाचे म्हणजे धरमतरपर्यंत मोटार आणि तेथून बोट. खाडी संपून समुद्र लागला, की हिला बोट लागे. आपल्या भाषेने हा शब्दप्रयोग मोठा मार्मिक केला आहे. बोट जणू अंगाला येऊन लागते. नळ्यांच्या शेजारी दोन पिशव्या आहेत आणि त्यांत चुन्याचे अतिसूक्ष्म कण. डोके कलले, की कण सरकतात आणि कल कळतो. बोटीच्या आत बसलेल्या मुलीचे डोळे सांगतात, समोरची फळी स्थिर आहे. कानातील कण सांगतात, आपण वरखाली होत आहोत. या दोन साक्षींच्या भांडणात पोटातले अन्न बाहेर येते. मोठी माणसे तिला आवळा-सुपारी देत. पण खरा उपाय तांडेलाचा. तो म्हणे, "वर ये पोरी, किनाऱ्याकडे बघ." किनाऱ्याकडे पाहिले, की डोळा आणि कान यांची साक्ष जुळे. सुकेळीच्या खिंडीत मोटारीत मान खाली घालून वाचणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

व्हिएन्नाच्या रॉबर्ट बाराणीने या इंद्रियाची परीक्षा करण्याची युक्ती शोधली, तीही रोग्यांच्या तक्रारीवरून. कान धुताना पाणी गार असले, की रोगी चक्कर आल्याचे सांगत आणि त्यांचे डोळे झटके देऊन हलत. एकदा पाणी फार गरम होते, तेव्हा डोळे उलट दिशेने हलले. न्हाणीघरातील बंबात गरम पाणी वर चढते, हे त्याला आठवले, आणि नळीतील द्रवाचेही तसेच होत असणार हे सुचले. त्याला १९१४ चे नोबेल पारितोषिक जाहीर झाले, त्या वेळी महायुद्ध पेटलेले होते. तो तेव्हा रशियनांच्या कैदेत होता. स्वीडनच्या राजपुत्राच्या मध्यस्थीने सुटका होऊन १९१६ साली तो स्टॉकहोमला पोहोचला. गंमत अशी, की १९८३ साली अंतराळयानात, जेथे गरम पाणी वर चढू शकत नाही, तेथेही ही परीक्षा लागू पडली. म्हणजे बाराणीची युक्ती खरी, पण तिची मीमांसा अपुरी!

हे इंद्रिय नसले तर काय होते, हे क्षयरोग्यांनी सोसले. स्ट्रेप्टोमायसीनचा शोध १९४४ मध्ये जाहीर झाला. त्याने असंख्य जीव वाचविले. पण काहींच्या कानातील या केशपेशी कायमच्या मारल्या. एका डॉक्टरानेच १९५२ मध्ये स्वतःची कथा लिहिली आहे: वाचताना नाडीच्या ठोक्याने डोके हले तेवढ्यानेही अक्षरे नाचत, म्हणून पलंगाच्या गजांत डोके घट्ट रोवून त्याला वाचावे लागे. चालताना ओळखीचे चेहरेही त्याला ओळखू येत नसत. डोके हलले असता दृष्टी स्थिर ठेवण्याचे काम हे इंद्रिय अहोरात्र करीत असते, ते असे.

आणि आमची आत्या? साठी उलटल्यावर एके पहाटे तिने उजव्या कुशीवर वळताच आढे गरगर फिरले. अर्ध्या मिनिटात थांबले, पण पुन्हा वळताच तेच. घरच्यांनी पित्त ठरविले. एका डॉक्टरांनी रक्तदाब, दुसऱ्यांनी मणक्याची झीज. सूंठ झाली, मानेचा पट्टा झाला. ती उशांच्या उतरंडीवर बसून झोपू लागली. वाकून केर काढीना, देवळात एकटी जाईना. गौरींच्या रात्री ती भिंतीला टेकून बसे आणि फुगडी सुरू झाली, की डोळे मिटून घेई. चार वर्षे अशी गेली.

वास्तविक या व्याधीचे वर्णन बाराणीनेच १९२१ साली करून ठेवले होते. पिशवीतील चुन्याचे कण सुटून नळीत शिरतात आणि कूस बदलताच द्रवाला ढकलतात. ते बाहेर काढण्याची रीत अमेरिकन शल्यवैद्य एपली याने शोधली आणि १९९२ मध्ये सविस्तर प्रसिद्ध केली. औषध नाही, शस्त्र नाही. रोग्याला मान एका बाजूस वळवून निजवावयाचे, डोके थोडे खाली लोंबते ठेवावयाचे, मग ठराविक क्रमाने वळवीत उठवून बसवावयाचे. कण ज्या वाटेने आले त्याच वाटेने परत जातात.

अखेर एका तरुण डॉक्टरीण बाईंनी आत्याला असे निजविले. ती घाबरून त्यांचा हात घट्ट धरून होती. बाईंनी तिचे डोळे निरखले, मान दोन-तीन वेळा फिरविली आणि तिला बसते केले. सारे मिळून पाच मिनिटेही लागली नाहीत.

"झालं?" आत्याने विचारले. "गोळी नाही?"

"नाही. कानातले खडे जागेवर बसवले."

त्या रात्री ती उजव्या कुशीवर झोपली. पुढल्या गौरींना फुगडीचा आग्रह झाला, तेव्हा म्हणाली, "गुडघे दुखतात गं, नाहीतर घातली असती."