भीमेच्या पाण्याचे कागद

सोलापूरच्या पिण्याच्या पाण्यामागचा कायदा शोधू लागले, की सर्वांत जुना दुवा मिळतो तो महाराष्ट्र जलप्रदूषण प्रतिबंध अधिनियम, १९६९. त्याच्या आधारे ७ सप्टेंबर १९७० रोजी राज्याचे प्रदूषण मंडळ स्थापन झाले. संसदेचा कायदा आला १९७४ मध्ये. पाणी हा राज्यांचा विषय, म्हणून संसदेला आधी राज्यांचे ठराव लागले. ठराव करणाऱ्या बारा राज्यांची नावे कायद्याच्या उद्देशिकेत आहेत. त्यांत गुजरात आहे, कर्नाटक आहे, महाराष्ट्र नाही. ही अनास्था मानू नये, राज्याचा स्वतःचा कायदा तेव्हा चालू होता. केंद्रीय कायदा महाराष्ट्राने स्वीकारला १ जून १९८१ रोजी.

आदल्याच वर्षी उजनी धरण पूर्ण झाले होते. मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी यांचे पाणी भीमेतून उजनीत साठते. तिथून ते सोलापूरला जलवाहिनीने येते, शिवाय नदीत सोडून औज बंधाऱ्यात अडवले जाते आणि टाकळीहून उपसले जाते. त्यामुळे पुणे-पिंपरीत नदीत काय सोडले जाते, याच्याशी सोलापूरच्या नळाचा थेट संबंध आहे.

१५ जुलै २००० च्या नदी क्षेत्र धोरणाने प्रदूषणकारी उद्योगांनी नदीपासून किती दूर राहावे, हे ठरवले. २००९ मध्ये ते सुधारले आणि ३ फेब्रुवारी २०१५ रोजी रद्द झाले. २०१८ च्या केंद्रीय यादीत देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे आले, त्यांतले ५३ महाराष्ट्रातले. भीमा, मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी या चारही नद्या दुसऱ्या प्राधान्यात, म्हणजे बीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचे माप) लिटरला २० ते ३० मिलिग्रॅम. आंघोळीच्या पाण्याची मर्यादा ३ आहे.

नदी क्षेत्र धोरण रद्द करण्याचा तो निर्णय मला चुकीचा वाटतो. तरीही २०१८ च्या यादीचे खापर केवळ त्याच्यावर फोडता येणार नाही. अंतराचा नियम उद्योगांपुरता होता. शहरांचे नाले त्याच्या कक्षेत नव्हतेच. ते १९७४ च्या कायद्यात मात्र स्पष्ट आहेत. ‘मैलापाणी’ या व्याख्येत उघड्या गटारांतले सांडपाणीही येते आणि कलम २५ ची पूर्वसंमती कारखान्याच्या सांडपाण्याइतकीच मैलापाण्यालाही लागते.

याच कलमाचे पोटकलम ६ फारसे वाचले जात नाही. संमतीच्या अटींची नोंदवही मंडळाने ठेवायची आणि त्या सांडपाण्याची झळ पोचणाऱ्या कोणालाही ती पाहू द्यायची, असे तिथे लिहिले आहे. पुण्याच्या नाल्यांच्या बाबतीत ती पाहण्याचा हक्क सोलापूरकराला आहे.