बँटिंग यांचे पत्र आणि आहाराचा बाजार

लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवरील बँटिंग घराण्याची पेढी एकोणिसाव्या शतकात राजघराण्यातील अंत्यविधींची व्यवस्था पाहण्याबद्दल नावाजलेली होती. तिसरे व चौथे जॉर्ज यांचे आणि वॉटर्लूचा विजेता ड्यूक ऑफ वेलिंग्टन याचे अंतिम सोहळे तिच्याच देखरेखीखाली पार पडले. या पेढीचे एक धनी विल्यम बँटिंग यांचे नाव मात्र इतिहासाच्या दप्तरात राहिले ते निराळ्याच कारणाने. १८६३ साली त्यांनी ‘लेटर ऑन कॉर्प्युलन्स’ या मथळ्याची एक लहानशी पुस्तिका स्वखर्चाने छापून लोकांना मोफत वाटली, आणि एका व्यक्तीचे नाव धारण करून घरोघर आचरल्या जाणाऱ्या ज्या आहारपद्धतींचा आज अवाढव्य व्यापार झाला आहे, त्या परंपरेची खरी सुरुवात या पुस्तिकेपासून धरावी लागते.

१८६२ च्या ऑगस्टमध्ये बँटिंग पासष्टीला पोहोचले होते. उंची पाच फूट पाच इंच आणि वजन २०२ पौंड, म्हणजे जवळजवळ ९२ किलो. खाली वाकून बुटाचे बंद बांधणे त्यांना अशक्य झाले होते, आणि गुडघ्यांवर भार येऊ नये म्हणून जिना उतरताना ते पाठमोरे होऊन सावकाश उतरत. हे दुखणे अंगावर काढणाऱ्यांपैकी ते नव्हते. वैद्यांच्या सल्ल्याने त्यांनी पहाटे उठून नाव वल्हवली, आणि त्याने स्नायूंना बळ आले तशी भूकही वाढली; घोड्यावर रपेट केली, लेमिंग्टन व चेल्टनम येथील औषधी पाण्याचे सेवन केले, तुर्की स्नाने घेतली. मेद मात्र होता तसाच राहिला. अखेर ऐकू कमी येऊ लागल्यामुळे ते विल्यम हार्वे नावाच्या कर्णरोगतज्ज्ञाकडे गेले (रक्ताभिसरणाचा शोध लावणारे सतराव्या शतकातील हार्वे ते हे नव्हेत). या हार्वे यांनी पॅरिसमध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांची यकृत आणि मधुमेह या विषयांवरील व्याख्याने ऐकली होती. साखर व पिष्टमय पदार्थ वर्ज्य केल्यास मेदही उतरावा, असा तर्क त्यांनी त्यावरून बांधला, आणि तो पडताळून पाहण्यासाठी बँटिंग यांच्यासारखा काटेकोर रुग्ण त्यांना लाभला.

या पथ्याचा तपशील आजच्या वाचकाला चकित करील. पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे हे सहा पदार्थ मुख्यत्वे निषिद्ध. न्याहारीला चार-पाच औंस मांस किंवा मासे, बिनदुधाचा व बिनसाखरेचा चहा आणि कोरड्या भाजलेल्या पावाचा एखादा औंसभर तुकडा; दुपारी पुन्हा मांस अथवा मासे, बटाटा सोडून कोणतीही भाजी आणि क्लॅरेट किंवा शेरीचे दोन-तीन पेले; सायंकाळी थोडी फळे व चहा; रात्री तीन-चार औंस मांस, आणि निजण्यापूर्वी, हवा असल्यास, बिनसाखरेच्या मद्याचा आणखी एक पेला. पूर्वीचा त्यांचा आहार दूध-पाव, लोणी लावलेले टोस्ट, बिअर आणि गोड पेस्ट्री यांनी भरलेला होता, हे ध्यानी घेतले म्हणजे या फेरपालटाने एकंदर अन्नातच किती घट झाली असेल, याचा अंदाज येतो. सप्टेंबर १८६३ पर्यंत त्यांचे वजन १५६ पौंडांवर आले, म्हणजे तेरा महिन्यांत ४६ पौंड उतरले, आणि कंबर बारा इंचांहून अधिक घटली. मला या पुस्तिकेतील सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो तारीखवार वजनांचा तक्ता. कारण आपली हकीकत पडताळून पाहण्याची सोय त्याने वाचकाच्या हाती दिली.

मागणी वाढली तेव्हा पुस्तिका विकत देण्यात येऊ लागली, पण त्या उत्पन्नातून बँटिंग यांनी दानधर्म केला. त्यांचे नाव इंग्रजीत क्रियापद होऊन बसले. वैद्यकीय नियतकालिकांनी मात्र या अवैद्य गृहस्थाच्या धाडसावर कडक टीका केली आणि हार्वे यांनाही त्याची झळ लागली. पुढे जर्मनीत विल्हेल्म एब्स्टाइन या वैद्यांनी १८८२ साली स्निग्ध पदार्थांना मोकळीक देऊन याच विचाराची निराळी मांडणी केली. बँटिंग स्वतः १८७८ साली, वयाच्या ८१ व्या वर्षी वारले. आपण त्याच पथ्यावर राहून वजन आटोक्यात ठेवले असल्याचे त्यांनी नंतरच्या आवृत्तीत नमूद केले होते.

विसाव्या शतकात या क्षेत्रावर व्यापाराचा अंमल बसला. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील जीन निडेच या गृहिणीने शहराच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यात मिळणारे आहारपत्रक घेतले, १९६१ पासून मैत्रिणींना घरी जमवून त्यावर चर्चा सुरू केली आणि १९६३ साली ‘वेट वॉचर्स’ ही कंपनी स्थापन केली. म्हणजे आहार सार्वजनिक मालकीचा होता. त्या बाईंनी त्यात भर घातली ती दर आठवड्याच्या बैठकीची आणि परस्परांच्या धीराची, आणि माझ्या मते तोच त्यातला अस्सल माल होता. १९७८ साली ही कंपनी टोमॅटो केचपसाठी प्रसिद्ध असलेल्या हाइन्झने विकत घेतली. न्यूयॉर्कचेच हृदयरोगतज्ज्ञ रॉबर्ट ॲटकिन्स यांनी १९७२ साली पिष्टवर्ज्य आहाराचा पुन्हा पुरस्कार केला, त्यांचे पुस्तक अफाट खपले आणि त्यांच्या नावाची खाद्यपदार्थांची कंपनी उभी राहिली. त्यांच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, २००५ साली, तिला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. महाराष्ट्रात डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघर पोहोचवलेला दोन वेळच्या जेवणाचा पाठही एका व्यक्तीच्या नावानेच लोकप्रिय झाला, हे आपण जाणतोच.

आता मूळ प्रश्न असा की या पद्धतींनी वजन खरोखर उतरते काय. बोस्टनमध्ये झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १६० जणांना ॲटकिन्स, झोन, वेट वॉचर्स आणि ऑर्निश अशा चार नावाजलेल्या आहारपद्धतींत यादृच्छिकपणे विभागले होते. वर्षअखेर पथ्याच्या नोंदीत टिकून राहिले ते ९३. आणि चारही गटांतील सरासरी घट दोन ते साडेतीन किलोंच्या दरम्यान होती. कोणती पद्धत पाळली याहून ती किती निष्ठेने पाळली, याच्याशी घटीचा संबंध अधिक जुळला. २०१८ साली स्टॅनफर्डच्या ६०९ जणांच्या चाचणीत वर्षभरात कमी स्निग्ध खाणाऱ्या गटाचे सरासरी ५.३ किलो, तर कमी पिष्ट खाणाऱ्या गटाचे ६ किलो वजन उतरले. हा फरक शास्त्रदृष्ट्या नगण्य ठरला, आणि दोन्ही गटांत काहींचे वजन पुष्कळ घटले, तर काहींचे उलट वाढलेही.

पिष्ट वर्ज्य केल्यावर पहिल्या आठवड्यात काटा झपाट्याने खाली येतो, त्यात यकृत व स्नायूंतील साठवलेली शर्करा आणि तिच्याबरोबर बांधले गेलेले पाणी यांचाच वाटा मोठा असतो. जाहिराती ज्या आकड्यांवर उभ्या असतात, ते बहुधा याच आठवड्याचे. पुढे शरीर स्वतःचा खर्च आखडते, भूक वाढवते, आणि माणूस पथ्यातून ढळला की गेलेले वजन परत येऊ लागते. म्हणून माझा निर्णय असा की प्रसिद्ध आहारपद्धतींपैकी बहुतेक सर्व, पाळल्या तोवर, गुण देतात; नावामुळे मात्र कोणत्याही पद्धतीला आगळे सामर्थ्य येत नाही, आणि त्या नावाचे मूल्य म्हणून जे पैसे घेतले जातात त्यांचा वजनाशी संबंध नाही. ज्यांना मधुमेह आहे किंवा ज्यांची औषधे चालू आहेत, त्यांनी तर आपल्या वैद्याला विचारल्यावाचून यांपैकी काहीच आरंभू नये. इतरांना माझी विनंती एवढीच, की कोणी आहाराची योजना विकायला आला तर त्याच्या अनुयायांचे पहिल्या महिन्याचे नव्हे, दोन वर्षांनंतरचे वजन मागावे, मध्येच पथ्य सोडणारे किती होते हेही विचारावे, आणि हे सांगता येत नसेल तर पैसे देऊ नयेत.