रुळाच्या खाचेतला पुरावा : एडिनबर्गची ट्राम आणि सायकलवाले

पीएचडीची तयारी करणाऱ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो : ‘विषय ठरलाय, पण त्यातून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा?’ आज त्याचं उत्तर तत्त्वज्ञान न सांगता एका उदाहरणातून देतो. ‘नव्या ट्रामचा शहरावर झालेला परिणाम’ हा झाला विषय. त्यावर ग्रंथ लिहिता येईल आणि तरी हाती काही लागणार नाही. आता हे बघा : ‘ट्रामच्या रुळांवर सायकलवाले पडत होते, तेव्हा ती आधी त्यांचीच चूक का मानली गेली? आणि ती रस्त्याची चूक आहे असं कधी, कुणामुळे ठरलं?’ हा झाला प्रश्न. कारण याचं उत्तर शोधायला तुम्हाला वेगवेगळ्या कागदांकडे जावं लागतं, आणि ते कागद एकमेकांशी सहमत नसतात.

उदाहरण स्कॉटलंडची राजधानी एडिनबर्गचं आहे. आधी थोडी पार्श्वभूमी.

एडिनबर्गला ट्राम नवी नव्हती. तिथे घोड्यांच्या ट्राम होत्या, मग जमिनीखालच्या फिरत्या दोरखंडावर चालणाऱ्या ट्राम आल्या, नंतर विजेच्या. शेवटची ट्राम धावली १६ नोव्हेंबर १९५६ ला. पुढे अर्धशतकभर शहर बस आणि मोटारींवर चाललं. २००६ मध्ये स्कॉटिश संसदेने नव्या ट्रामसाठी कायदे केले, २००८ मध्ये मुख्य बांधकामाचा करार झाला, आणि ३१ मे २०१४ ला विमानतळ ते यॉर्क प्लेस असा साधारण १४ किलोमीटरचा मार्ग सुरू झाला. खर्चाचा अंदाज होता ५४.५ कोटी पौंड, प्रत्यक्षात लागले ७७.६ कोटी. मुळात मार्ग न्यूहेवनच्या बंदरापर्यंत जायचा होता, तो शहराच्या मध्यातच थांबला. तीन वर्षं उशीर झाला तो वेगळाच.

म्हणजे १९५६ ते २०१४ असा ५८ वर्षांचा खंड. हा आकडा लक्षात ठेवा. रुळांच्या शेजारून सायकल कशी हाकायची हे १९५६ पूर्वीच्या सायकलवाल्याला रोजच्या सरावाने ठाऊक असणार. दोन पिढ्यांनंतर रूळ परत आले तेव्हा तो सराव शहरात उरला नव्हता. रस्त्यावरची मोटारींची गर्दी मात्र कितीतरी पटीने वाढलेली होती.

आता यंत्राकडे बघू, कारण यंत्र न समजता वाहतुकीचा इतिहास लिहिता येत नाही. रस्त्यात बसवलेल्या ट्रामच्या रुळाला चाकाची कड अडकून राहावी म्हणून एक खाच असते. ती साधारण साडेतीन ते साडेचार सेंटिमीटर रुंद. सायकलचा बारीक टायर असतो अडीच-तीन सेंटिमीटरचा. रूळ काटकोनात ओलांडला तर चाक खाचेवरून सहज पलीकडे जातं. पण रुळाला जवळपास समांतर जाताना तिरकं ओलांडायला गेलात, की पुढचं चाक खाचेत उतरतं. हँडल वळत नाही, शरीर मात्र पुढे जातं. पावसात दुसरा धोका : चाक खाचेत न शिरताही ओल्या लोखंडावरून घसरतं. आणि एडिनबर्गमध्ये पाऊस काही पाहुणा नाही.

म्हणजे सगळा खेळ कोनाचा. आता विचारा, सायकलवाल्याचा कोन कोण ठरवतं? मोकळ्या रस्त्यावर तो स्वतः ठरवतो. पण डावीकडे टॅक्सीचा थांबा, मागे बस, आणि रूळ रस्त्याच्या मधून तिरके वळलेले असतील, तर कोन आधीच ठरलेला असतो. तो नकाशावर रेघा मारणाऱ्याने ठरवलेला असतो. आपला प्रश्न इथे जन्माला येतो.

आता कागद बघू, एकेक करून.

पहिला कागद : चौकशी अहवाल. ट्रामचा खर्च आणि उशीर यांवर लॉर्ड हार्डी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी नेमली गेली. घोषणा २०१४ ला, अहवाल सप्टेंबर २०२३ ला. या प्रकल्पावरचा हा सगळ्यात जाडजूड स्रोत. नवा संशोधक पहिली उडी इथेच मारतो. पण चौकशीला नेमून दिलेलं काम काय होतं? उशीर का झाला, खर्च का वाढला, ठरल्यापेक्षा कमी मार्ग का बांधला गेला. सायकलवाले का पडले, हा तिचा प्रश्नच नव्हता. यात चौकशीचा दोष नाही. पण तुम्ही एवढाच कागद धरून बसलात, तर तुमच्या प्रबंधात ट्रामची किंमत फक्त पौंडांत मोजली जाईल. स्रोत जितका मोठा, तितकी त्याची चौकट आधी वाचा.

दुसरा कागद : पोलिसांची नोंद. ब्रिटनमध्ये रस्त्यावरच्या जखमी-मृतांची आकडेवारी पोलिसांच्या नोंदीतून तयार होते. दोन वाहनं धडकली की पोलीस येतात. पण एकटा सायकलवाला रुळावर पडतो तेव्हा समोर दुसरी गाडी नसते, भांडण नसतं, विम्याचा कागद नसतो. तो उठतो, गुडघा झटकतो, सायकल ढकलत निघून जातो. फार तर दवाखान्यात जातो. त्यामुळे असे अपघात पोलिसांच्या आकड्यांत फार कमी उतरतात. नोंद नाही म्हणजे घटना नाही असं मानलं, की शहर सुरक्षित दिसायला लागतं.

तिसरा कागद : रुग्णालय. इथे गोष्ट फिरते. एडिनबर्ग परिसरातल्या रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत मे २००९ ते एप्रिल २०१६ या काळात ट्रामच्या रुळांमुळे जखमी होऊन आलेले सायकलवाले तिथल्या हाडांच्या डॉक्टरांनी मोजले. १९१ निघाले. त्यांपैकी ६३ जणांचं हाड मोडलं होतं किंवा सांधा निखळला होता. १४२ वेळा चाक रुळात अडकलं होतं, ३२ वेळा रुळावरून घसरलं होतं. १५१ जणांनी सविस्तर प्रश्नावली भरून दिली. त्यांतले ८० म्हणाले की आजूबाजूच्या वाहनांच्या दडपणाचाही पडण्यात हात होता. १२० जणांचा सायकल चालवण्याचा आत्मविश्वास डळमळला. २४ जणांनी परत सायकल हातात घेतलीच नाही.

हे आकडे नुसते उतरवून घेऊ नका, त्यांना प्रश्न विचारा. मला तीन गोष्टी दिसतात.

एक, मोजणीची सुरुवात मे २००९. प्रवासी ट्राम सुरू झाली २०१४ ला. मग ‘ट्रामचा परिणाम’ कधीपासून धरायचा? उद्घाटनाच्या फितीपासून धरलात तर पहिली पाच वर्षं गळाली. प्रिन्सेस स्ट्रीटवर २००९ मध्येच रूळ बसले होते. सायकलवाल्यासाठी ट्रामचं युग ट्राम नसतानाच सुरू झालं. कालखंड कुठून कुठे धरायचा हा निर्णय असा असतो. तो सरकारी कार्यक्रमपत्रिकेवरून घेऊ नये, ज्याच्याबद्दल लिहितो आहोत त्याच्या अनुभवावरून घ्यावा.

दोन, जखमींमध्ये ११९ पुरुष आणि ७२ स्त्रिया होत्या. यावरून ‘पुरुष जास्त बेफिकीर’ असं कुणी लिहिलं तर तिथेच थांबवा. शहरात एकूण किती पुरुष आणि किती स्त्रिया सायकल चालवतात, हा आकडा शेजारी ठेवल्याशिवाय काहीच सिद्ध होत नाही. वरचा आकडा मिळाला की आपण खूश होतो, पण भागायचं कशाने हे विसरतो.

तीन, ते २४ जण. सायकल सोडलेला माणूस पुढच्या वर्षी पडणार नाही. म्हणजे अपघातांचा आकडा उतरेल, आणि कुणीतरी म्हणेल, ‘बघा, लोक शिकले!’ आकडा उतरण्याची दोन कारणं असू शकतात : रस्ता सुधारला, किंवा माणूस रस्त्यावरून निघून गेला. आकडा दोन्ही वेळेला सारखाच दिसतो.

आता ज्या दिवसामुळे या सगळ्याला धार आली, तो दिवस. ३१ मे २०१७, ट्राम सुरू झाल्याला बरोबर तीन वर्षं झाली त्याच तारखेला, प्रिन्सेस स्ट्रीटच्या पश्चिम टोकाला वैद्यकशास्त्र शिकणारी एक तरुणी सायकलवरून जात होती. तिचं चाक रुळात अडकलं, ती पडली आणि मागून येणाऱ्या मिनीबसखाली सापडून गेली. तारीख जुळणं हा योगायोग आहे, त्यातून अर्थ काढायचा नाही. पण १९१ पडणाऱ्यांकडे परत बघा. त्यातल्या अनेकांच्या आणि तिच्या पडण्यात यांत्रिकदृष्ट्या काही फरक नव्हता. फरक मागच्या गाडीच्या अंतराचा होता. किरकोळ म्हणून सोडून दिलेली प्रत्येक जखम हा त्याच घटनेचा दुसरा शेवट होता. त्या मृत्यूनंतर शहर परिषदेने ट्राममार्गावरच्या धोकादायक जागांवर खुणा आणि रचना टप्प्याटप्प्याने बदलायला घेतल्या. सायकलवाल्यांची ‘स्पोक्स’ ही संघटना १९७७ पासून तिथे काम करते, तिने रुळांच्या धोक्याचा विषय त्याच्या कितीतरी आधीपासून लावून धरलेला होता.

चौथा कागद : न्यायालयाचा निकाल. २०१९ मध्ये स्कॉटलंडच्या कोर्ट ऑफ सेशनमध्ये दोन जखमी सायकलस्वारांचे दावे लॉर्ड बॉइड यांच्यापुढे चालले. एक जागा हेमार्केटची, दुसरी प्रिन्सेस स्ट्रीटची. समोर होती शहर परिषद आणि ट्राम कंपनी. स्कॉटिश कायद्यात रस्त्याच्या मालकाविरुद्धची कसोटी साधारण अशी आहे : योग्य ती काळजी घेऊन जाणाऱ्या माणसालाही या रस्त्यावर अपघाताचा ठळक धोका आहे का? रूळ कमी कोनात ओलांडायला लावणारी रचना या कसोटीवर सापडली. दावे मंजूर झाले आणि मागे रांगेत असलेल्या इतर दाव्यांना दिशा मिळाली.

इथे काय बदललं ते नीट बघा. रूळ तेच, खाच तीच, पाऊस तोच. बदलला तो वाक्यातला कर्ता. ‘सायकलवाला पडला’ याच्या जागी ‘रस्त्याने त्याला चुकीच्या कोनात नेलं’ असं वाक्य अधिकृतपणे लिहिता येऊ लागलं. ‘अपघात’ या शब्दात कुणी कर्ता नसतो, म्हणून तो प्रशासनाला सोयीचा असतो. रुग्णालयाने सुट्या घटनांचा नमुना दाखवला, न्यायालयाने नमुन्याला जबाबदार धनी शोधून दिला.

पण न्यायालयाच्या कागदालाही आंधळी जागा आहे. दावा करतो कोण? ज्याला वकील गाठता येतो, ज्याच्याकडे वेळ आणि कागद आहेत, जो तारखा काढू शकतो. सायकलवरून रोजंदारीला जाणारा, शहरात नवखा असलेला माणूस इथे सापडेलच असं नाही. त्याला शोधायला तुम्हाला पाचव्या स्रोताकडे जावं लागेल : मुलाखती.

आणि सहावा स्रोत म्हणजे खुद्द रस्ता. ७ जून २०२३ ला ट्राम अखेर न्यूहेवनपर्यंत पोचली. या नव्या तुकड्यात लीथ वॉकवर सायकलींसाठी वेगळी मार्गिका आखली गेली. पहिल्या तुकड्यातून काही धडा घेतला याचा हा दगडी पुरावा. पण तिचा एक भाग असा नागमोडी आखला होता की त्याची भरपूर थट्टा झाली. धडा अर्धाच गिरवला गेला, हेही दगडातच वाचता येतं. रस्ता वाचायला शिका. तो खोटं बोलत नाही, फक्त कमी बोलतो.

शेवटी आपल्याकडची गोष्ट, कारण हा प्रश्न इथेही लावता येतो. मुंबईत घोड्यांच्या ट्राम १८७४ ला आल्या, विजेच्या १९०७ ला, आणि शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली. २०१८ मध्ये फ्लोरा फाउंटनच्या कामात जमिनीखालून जुने रूळ वर आले, तेव्हा सगळीकडे आठवणींचा पूर आला : स्वस्त तिकीट, घंटेचा आवाज, संथ प्रवास. छान आहे ते. पण त्याच रुळांवरून दूधवाले, पाववाले, पोस्टमन, गिरणीकामगार सायकली घेऊन जात होते. त्यांचं काय होत होतं? पावसाळ्यात रुग्णालयांच्या नोंदवह्यांत काय दिसतं? जुन्या मराठी वर्तमानपत्रांतल्या ‘स्थानिक बातम्यां’च्या चार-चार ओळींत काय आहे? नुकसानभरपाई कुणी मागितली का, आणि मागितली असेल तर कोर्टाने कुणाची चूक ठरवली?

ज्यांना विषय हवा आहे, त्यांनी हा घ्यावा. सुरुवात मोठ्या अहवालापासून करू नका. एका पावसाळ्याची वर्तमानपत्रं घ्या, त्या चार-चार ओळींच्या बातम्या उतरवा, आणि प्रत्येक बातमीत वाक्याचा कर्ता कोण आहे ते बाजूला लिहीत जा. दोनशे बातम्या झाल्या की प्रश्न आपोआप समोर येईल.